लकव्यानंतर घरी स्वतःचा सराव स्वतः करता येतो का? एका ऑक्युपेशनल थेरपिस्टचं उत्तर

प्रश्न साताऱ्याजवळच्या एका गावातून आला आहे, विचारणारी मुलगी आहे. तिचे वडील, म्हणजे आबा, 64 वर्षांचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. 4 महिन्यांपूर्वी लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. आता काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. उजवा खांदा आणि कोपर हलतो, मूठ मिटते, पण उघडताना बोटं अर्ध्यावर अडकतात. समजतं बहुतेक सगळं, बोलताना मात्र शब्द सापडत नाहीत. फिजिओथेरपिस्ट आधी आठवड्यातून तीनदा यायचे, आता एकदाच येतात. 14 व्यायामांचा कागद कपाटाला चिकटवलेला आहे. ‘आबा, व्यायाम करा’ म्हटलं की चिडतात, नाहीतर ‘तूच करून घे’ अशी खूण करून हात पुढे करतात. बाकी दिवसभर टीव्ही. आई त्यांचं सगळं करते. एका नातेवाइकाने चांगला हात बांधून ठेवायला सांगितलंय, दुसऱ्याने दाबायला बॉल आणून दिलाय, तिसरा म्हणतो की 6 महिने झाले की पुढे काही होत नाही. तिने विचारलंय: आबांना स्वतःचा सराव स्वतः करता येईल का, आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यात नेमकं काय करतो?

ताई, हो, करता येतो आणि करावाच लागतो. साधा हिशोब करा. आबा दिवसाला 14 तास जागे असतील तर आठवड्याचे 98 तास होतात. त्यातला 1 तास थेरपिस्ट समोर असतो. उरलेले 97 तास उजवा हात मांडीवर पडून राहिला, तर त्या 97 तासांतही मेंदू शिकतच असतो. तो हे शिकतो की उजव्या हातावाचून भागतं. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात एडवर्ड टाउब यांनी याच गोष्टीवर आयुष्य घातलं. हात सुरुवातीला खरोखर चालत नाही म्हणून माणूस तो वापरणं सोडतो. पुढे त्यात थोडी हालचाल येते, पण तोवर न वापरण्याची सवय पक्की झालेली असते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी पेशंटच्या हातात त्यांच्या घरच्यांना वाटतं त्यापेक्षा जास्त हालचाल असते. रोजच्या कामात तिला कुणी बोलावत नाही एवढंच.

आता त्या कपाटावरच्या कागदाबद्दल. असे कागद मीही वर्षानुवर्षं दिले. नोकरीच्या सुरुवातीला एका पेशंटच्या घरी गेले, तर मी दिलेला कागद 2 महिन्यांनी फाइलमध्ये जसाच्या तसा घडी घालून ठेवलेला होता. तेव्हा मला पेशंटचा राग आला होता. आज वाटतं की चूक माझी होती. त्या कागदावरचा एकही व्यायाम त्या माणसाने निवडलेला नव्हता. कशासाठी करायचा हे त्याला माहीत नव्हतं, जमतोय की नाही हे तपासायचं कसं तेही मी सांगितलं नव्हतं. ‘हात वर, हात खाली, 10 वेळा.’ कशासाठी? आबा चिडतात ते मला पूर्ण समजतं. ज्या माणसाने 30 वर्षं भरल्या गाडीत धक्के खात तिकिटं फाडली, सुट्ट्या पैशांचा हिशोब तोंडावर ठेवला, त्याला आज घरातलं प्रत्येक जण सूचना देतंय.

स्वतःचा सराव स्वतः करणं म्हणजे एकट्याने व्यायाम करणं, असा समज आहे. मी त्याचा अर्थ वेगळा घेते. काय करायचं हे आबांनी ठरवायचं, कसं करायचं ते त्यांनी शोधायचं, जमलं का ते त्यांनी बघायचं आणि नसेल जमलं तर काय बदलायचं तेही त्यांनीच सुचवायचं. थेरपिस्टने हा कारभार हळूहळू त्यांच्या हाती सोपवायचा. सोपवणं हे कौशल्याचं काम आहे, ते एका भेटीत होत नाही. कॅनडात हेलेन पोलाटायको आणि अँजेला मँडिक यांनी याची एक पद्धत बसवली. आधी ती हालचालींत अडखळणाऱ्या मुलांसाठी होती, पुढे लकव्याच्या मोठ्या माणसांसाठीही वापरली जाऊ लागली. ध्येय ठरव, बेत कर, करून बघ, तपास, या तिच्या चार पायऱ्या. वाचायला सोप्या वाटतात. घरात उतरवताना कसं होतं ते एका उदाहरणाने सांगते.

मिरजेकडची एक पेशंट होती, पन्नाशीची, डावी बाजू अधू झालेली. पहिल्या भेटीत मी विचारलं, ‘तुम्हाला काय करता यायला हवंय?’ उत्तर नवऱ्याने दिलं: ‘हात सरळ झाला पाहिजे.’ मी पुन्हा त्यांच्याकडेच बघत राहिले. बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, ‘माझ्या हातची भाकरी.’ किती महत्त्वाचं आहे, 1 ते 10 मध्ये? 10. आत्ता किती जमतंय? 1. हे दोन आकडे मी वहीत लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर परात, पीठ, कोमट पाणी. उजव्या हाताने मळायला घेतलं की परात गोल फिरायची. डावा हात बाजूला लोंबत होता. परात स्थिर कशी करायची याचे तीन उपाय मला माहीत होते आणि तीनही जिभेवर आले होते. सूनबाई परात धरायला धावली, मी तिचं मनगट धरून थांबवलं. पेशंटला विचारलं, ‘काय होतंय?’ ‘परात पळतीय.’ ‘मग?’ त्यांनी परात भिंतीला टेकवली. तरी फिरली. पोट ओट्याला लावून अडवली, पण मग हाताला जोर मिळेना. मी गप्प. त्या ओट्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि मग पुसायचं ओलं फडकं पिळून परातीखाली सारलं. परात बसली. नंतर उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं उचलून परातीच्या काठावर ठेवली आणि तो हात तिथे जमेल तसा दाबून धरला. एक गोळा मळायला 20 मिनिटं लागली. भाकरीच्या कडा चिरल्या होत्या. तव्याचं काम सुरुवातीला सुनेकडे ठेवलं, कारण डाव्या हाताला गरम-गार नीट कळत नव्हतं आणि भाजण्याची भीती होती.

खरी गोष्ट आठवड्याने घडली. त्यांनी फोनवर सांगितलं की भाजी चिरायच्या फळीखालीही आता ओलं फडकं घालतात आणि डाव्या हाताने कांदा धरतात. फळीचं मी कधीच सांगितलं नव्हतं. परातीपाशी मी उपाय सांगून टाकला असता, तर तो उपाय परातीपुरता राहिला असता. स्वतः शोधल्यामुळे तो दुसऱ्या कामात आपोआप गेला. मी गेल्यानंतरही जे चालू राहतं, तेच माझं काम, असं मी तेव्हापासून मानते.

यात नुसत्या हौसेचा भाग नाही, आकड्यांचाही आहे. उत्तर अमेरिकेत कॅथरीन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लकव्याच्या पेशंटची 312 थेरपी सत्रं बसून मोजली. ती मोजणी 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. हाताने प्रत्यक्ष काम करण्याचा सराव निम्म्याच सत्रांत झाला होता, आणि झाला तिथे सरासरी 32 वेळा. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूची जुळणी बदललेली दिसली, तिथे रोजच्या हालचाली शेकड्यांनी होत्या. म्हणजे थेरपिस्ट रोज आला तरी आकडा भरत नाही. तो भरायचा तर रोजच्या कामांतूनच.

त्याच वर्षी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून जॅनिस एंग यांच्या गटाचं काम पुढे आलं. ‘ग्रास्प’ नावाचा हातासाठीचा स्वयंसरावाचा कार्यक्रम. लकवा होऊन थोडेच दिवस झालेले 103 पेशंट घेतले. त्यातल्या निम्म्यांना पुस्तिका आणि साध्या वस्तूंची पेटी दिली, थेरपिस्टने शिकवलं, आणि मग पेशंटने 4 आठवडे स्वतःचं स्वतः करायचं. उद्दिष्ट रोज 1 तास, आठवड्याचे 6 दिवस. त्या गटाचा हात दुसऱ्या गटापेक्षा चांगला वापरात आला. थेरपिस्ट नाहीसा झाला नव्हता. तो शिकवत होता, पातळी ठरवत होता, मधूनमधून येऊन तपासत होता.

आणि आता आपल्याकडचा एक अभ्यास, जो मी प्रत्येक कुटुंबाला सांगते, कारण तो अवघड आहे. भारतातल्या 14 रुग्णालयांत 1250 पेशंटवर ‘अटेंड’ नावाची चाचणी झाली, 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. घरच्या एका माणसाला पुनर्वसनाचं प्रशिक्षण द्यायचं आणि त्याने घरी पेशंटकडून करून घ्यायचं. 6 महिन्यांनी पाहिलं तर मृत्यू किंवा परावलंबित्व, असं प्रशिक्षण मिळालेल्या आणि न मिळालेल्या दोन्ही गटांत सारखंच, 47 टक्के. आशा फार होती, म्हणून निकाल लागला तेव्हा आम्ही सगळेच खट्टू झालो. यावरून घरचा सराव निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. मला दिसतं ते असं की घरच्यांना थोडं शिकवून त्यांच्यावर सोडून दिल्याने काम होत नाही. पेशंटचा हात दुसऱ्याने हलवला तर सराव दुसऱ्याचा होतो. आबा ‘तूच करून घे’ म्हणून हात पुढे करतात ना, तिथेच गाडी अडली आहे.

म्हणून आबांची सुरुवात मी कागदाने करणार नाही. कपाटावरचा कागद काढून ठेवा. फिजिओथेरपिस्टशी बोलून त्यातले चालण्यासाठी आणि खांद्यासाठी आवश्यक असे दोन-तीन व्यायाम ठेवा. मग एखाद्या सकाळी, टीव्ही बंद असताना, त्यांना विचारा की कोणतं काम पुन्हा स्वतः करावंसं वाटतं. शब्द अडकतात तर वस्तू समोर मांडा: शर्ट, वस्तरा, चहाचा कप, वर्तमानपत्र, पैशांचं पाकीट, देवघरातली घंटा. बोट दाखवू दे. जे दाखवतील ते तुम्हाला क्षुल्लक वाटलं तरी बदलू नका. तुम्हाला वाटेल जेवण महत्त्वाचं, त्यांना कदाचित दाढी महत्त्वाची असेल, कारण न्हाव्याला घरी बोलवावं लागणं त्यांना खुपत असेल.

आबांचा हात जसा तुम्ही लिहिला आहे, त्यावरून तो सध्या धरणारा हात म्हणून चांगला उपयोगी पडेल. उचलण्याचं आणि सोडण्याचं काम नंतर. उजव्या मुठीत टूथपेस्ट धरायची, डाव्याने झाकण फिरवायचं. उजव्या तळव्याखाली कागद दाबून ठेवायचा, डाव्याने लिहायचं. टेबल पुसताना दोन्ही हात फडक्यावर. शर्ट घालताना उजवी बाही आधी, काढताना उजवी शेवटी, आणि बटणांना लागतील तितकी मिनिटं लागू द्या. पूजा करत असतील तर घंटा उजव्या हातात.

बोटं उघडण्यासाठी त्यांच्याच धंद्यातलं एक काम सुचवते, पटलं तर. कॅरमच्या सोंगट्या घ्या. एक-एक उचलून वाटीत सोडायची. उचलण्याइतकंच सोडणंही महत्त्वाचं, कारण अडचण तिथेच आहे. ते बऱ्यापैकी जमू लागलं की 10 रुपयांची नाणी, मग 5, 2, 1, वेगवेगळ्या वाट्यांत. पुढे नोटा मोजणं. पुढे जुन्या वहीच्या पानाचे तिकिटाएवढे तुकडे फाडणं. कंडक्टरच्या बोटांना हे काम आयुष्यभराचं ओळखीचं आहे. माझ्या एका जुन्या पेशंटने, तेही एसटीतले, हातात तिकीट पंच दिल्यावर पहिल्यांदा आपणहून उजवा हात पुढे केला होता. दाबता आला नाही त्या दिवशी, पण हात पुढे आला. त्याआधी 3 आठवडे मी प्लॅस्टिकचे शंकू रचायला देत होते आणि ते नुसते बघत बसायचे.

काम सोपं-अवघड करायला चार गोष्टी हाताशी असतात: वस्तूची उंची, वजन, अंतर आणि आकार. वाटी जवळ ठेवली की सोपं, खांद्याच्या उंचीवर ठेवली की अवघड. माझा ठोकताळा असा आहे: 10 पैकी 8 वेळा जमलं तर एक गोष्ट अवघड करा, 4 पेक्षा कमी जमलं तर सोपं करा. हे चारही बदल आबांना दाखवून द्या आणि पुढे कधी काय बदलायचं ते त्यांना ठरवू द्या. हे जमलं की माझं अर्धं काम झालं.

नोंद ठेवायला वही हवी, आणि ती आबांचीच हवी. त्यांनी रोज वेबिल भरलंय. प्रत्येक टप्प्याला तिकिटांचे नंबर लिहून शेवटी पैसे जुळवायचे, ही शिस्त त्यांच्या अंगात आहे. तसंच वेबिल आखा: वेळ, काम, किती वेळा, कसं जमलं ते 1 ते 10, आणि शेवटचा रकाना ‘उद्या काय बदलायचं’. डाव्या हाताने रेघा मारल्या तरी चालेल. शब्द येत नसतील तर कामासमोर छोटं चित्र काढून ठेवा. तुम्ही भरू नका. एखादा दिवस कोरा राहिला तर कोरा राहू दे, त्यावर बोलूही नका. रविवारी दोघं बसून वही उघडा आणि एवढंच विचारा: ‘काय दिसतंय?’

वेळेचं म्हणाल तर सलग तासभर बसवू नका. लकव्यानंतरचा थकवा निराळा असतो, झोप झाली तरी जात नाही. 10 ते 15 मिनिटांच्या चार खेपा पुरतात, पहिली सकाळच्या चहानंतर. ज्या वेळी ते ताजे असतात ती वेळ त्यांनाच विचारून ठरवा.

सगळ्यात जड जाणार आहे ते आईंना. त्या बटण लावतात ते प्रेमाने आणि घाईनेही, कारण अर्ध्या मिनिटात होतं. आबांना 8 मिनिटं लागतील आणि ती 8 मिनिटं बघत बसणं फार कठीण असतं. मी घरच्यांना एक क्रम शिकवते. आधी थांबायचं, मनात 20 अंक मोजायचे. मग विचारायचं, ‘आता काय?’ मग बोटाने दाखवायचं. मग कोपराला हलका आधार. हाताने करून देणं अगदी शेवटी, आणि तेही जेवढं अडलं तेवढंच. आबांना शब्द सापडायला वेळ लागतो, त्यामुळे एका वेळी एकच छोटं वाक्य बोला, आणि सांगण्यापेक्षा करून दाखवा. तिकडून आईंनाही दिवसातला एक तास पूर्ण मोकळा द्या. त्या 4 महिने घराबाहेर पडल्या नसतील, असा माझा अंदाज आहे.

आता नातेवाइकांच्या तीन सल्ल्यांबद्दल.

चांगला हात बांधण्याची कल्पना टाउब यांच्याच उपचारातून आली आहे, पण अर्धवट पोचली आहे. अमेरिकेत 2006 मध्ये त्याची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली: लकवा होऊन 3 ते 9 महिने झालेले 222 पेशंट. 2 आठवडे, जागेपणीच्या 90 टक्के वेळ चांगल्या हातात जाड हातमोजा आणि जोडीला रोज तासन् तास थेरपिस्टसमोर सराव. फायदा झाला आणि वर्षभर टिकला. पण त्यात घेतले ते पेशंट मनगट आणि बोटं काही अंशी स्वतः उघडू शकणारे होते. नुसता हात बांधून टीव्हीसमोर बसवलं तर काही होत नाही, आणि आबा काठी डाव्या हातात धरतात. तो हात बांधला तर पडतील. घरच्या घरी हे करू नका. प्रत्यक्ष तपासल्यावर, बसल्या जागी, थोड्या वेळासाठी आणि सौम्य रूपात करता येईल का ते ठरवू.

बॉल बाजूला ठेवा. मूठ त्यांची मिटतेच आहे. अवघड आहे ते उघडणं, आणि बॉल दाबून उघडण्याचा सराव होत नाही.

6 महिन्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. आपोआप होणारी सुधारणा पहिल्या 3 महिन्यांत सगळ्यात वेगाने होते, नंतर वेग मंदावतो. पण दार बंद होत नाही. वर सांगितलेल्या 2006 च्या चाचणीत 9 महिने झालेले पेशंटही होते. वर्ष-दोन वर्षांनी नवीन काम शिकलेली माणसं मी पाहिली आहेत. हात पूर्वीसारखा होईल असं मी सांगणार नाही, कारण न तपासता ते कुणीच सांगू शकत नाही. हाताचा रोजच्या कामातला वाटा मात्र वाढवता येतो.

काही गोष्टी काटेकोर पाळा. उठवताना उजवा हात ओढू नका, काखेत हात घालून उचलू नका, लकव्याचा खांदा सैल असतो आणि एकदा दुखायला लागला की सगळा सराव थांबतो. दाराला दोरी-कप्पी बांधून हात वर ओढायचा प्रकार बऱ्याच घरांत दिसतो, तोही बंद. बसल्यावर कोपराखाली उशी ठेवा. बीपीच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय चुकवायच्या नाहीत की थांबवायच्या नाहीत. सराव करताना छातीत दुखलं, चक्कर आली, दम लागला तर थांबा. आणि चेहरा अचानक वाकडा झाला, हातापायातली ताकद अचानक गेली, बोलणं अचानक बिघडलं किंवा दिसेनासं झालं तर वाट न बघता 108 ला फोन करून सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. त्रास कधी सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवा.

चिडण्याबद्दल आणखी एक. लकवा झालेल्या साधारण तीनातल्या एका माणसाला नैराश्य येतं. ते आळसासारखं दिसतं. झोप बिघडली आहे का, जेवणावरून मन उडालंय का, नातवंडांकडेही बघत नाहीत का, हे बघा आणि असेल तर डॉक्टरांना सांगा. त्यावर औषध आहे. नैराश्यात बुडालेल्या माणसाला ‘इच्छाशक्ती दाखवा’ म्हणणं क्रूर आहे, आणि ते आपल्याकडे फार बोललं जातं. शब्द अडकतात त्यासाठी स्पीच थेरपिस्टही गाठा, बोलण्याचा सराव हाताच्या सरावाइतकाच गरजेचा आहे.

राहता राहिला ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणजे काय हा प्रश्न. मराठीत आम्हाला व्यवसायोपचार तज्ज्ञ म्हणतात, त्यामुळे लोकांना वाटतं आम्ही नोकरी-धंद्याला लावून देतो. इथे व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभरात जे जे करतो ते सगळं: अंघोळ, दाढी, स्वयंपाक, हिशोब, भजन, शेतावर चक्कर. फिजिओथेरपिस्ट ताकद, तोल, चालणं यावर भर देतात. आम्ही तीच ताकद कामात कशी उतरेल ते बघतो, गरज पडली तर काम आणि घर दोन्ही बदलतो. तुमच्या न्हाणीघरात धरायला दांडा आहे का, पायरी किती उंच आहे, हे मी हाताइतकंच बारकाईने बघेन. आपल्या देशातला या विषयाचा पहिला अभ्यासक्रम 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केला. त्यांच्या नावाची शाळा तुमच्याच जिल्ह्यात, फलटणला आहे. तरीही जिल्ह्याच्या गावांत आमची संख्या कमी आहे, हे दुखणं जुनं आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. जो कोणी मिळेल त्याची महाराष्ट्राच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी आहे ना, ते विचारा. संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे.

रोज येणारा थेरपिस्ट शोधायची गरज नाही. सुरुवातीला दोन-तीन भेटी जवळजवळ, मग 15 दिवसांनी एक, मग महिन्याने. मधल्या काळात आठवड्याला एक 2 मिनिटांचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवायचा, तोही आबांनी निवडलेल्या कामाचा. चांगला जमलेलाच पाठवला पाहिजे असं नाही, अडलेला असेल तर जास्त उपयोगाचा. मी उत्तरात उपाय लिहीत नाही. आधी विचारते की आबांना काय वाटतं, कुठे अडलं.

पहिल्या भेटीला जाताना रिपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्या न्याच, शिवाय आबांचा रोजचा शर्ट, त्यांचा चहाचा कप आणि घरात जपून ठेवला असेल तर जुना पंचही न्या. थेरपिस्टने ‘काय त्रास आहे?’ विचारलं की तुम्ही किंवा आईंनी उत्तर देऊ नका. आबांना शब्द सापडेपर्यंत तिथे सगळ्यांनी थांबायचं.